पाखरांचा हिशेब

दिवाळी तोंडावर आली की आमच्या मुळशी खोऱ्यातली भातखाचरे पिवळी पडू लागतात. हळवे भात कापून झालेले असते, गरव्या जातीच्या लोंब्या नुकत्या वाकलेल्या असतात, आणि आंबेमोहराचा वास संध्याकाळी बांधाबांधाने फिरत असतो. शहरातल्या मुलांना दिवाळी म्हटली की फटाके आठवतात. मला गोफण आठवते. शाळेला सुट्टी लागली की घरातल्या पोराने नाहीतर पोरीने शेतातल्या माळ्यावर बसून पाखरे राखायची, असा आमच्याकडचा रिवाज होता. चार खांब, वर फांद्यांचा आणि पेंढ्याचा आडोसा, हाताशी खड्यांचा ढीग आणि बडवायला एक फुटका डबा. दव पडलेले असतानाच माळ्यावर चढायचे, उन्हे तापून पाखरे झाडीत शिरली की भाकरी खायला उतरायचे, आणि उन्हे कलली की पुन्हा वर जायचे.

या कामात मी फारशी हुशार नव्हते. एकदा पोपटांच्या थव्यावर मारलेला माझा खडा शेजारच्या म्हशीला लागला आणि तिने आमचाच बांध तुडवला. त्या दिवशी आबांची बोलणी खाल्ली. पण आजी म्हणाली, "पाखरं हाकल बाय, पर मारू नगंस. पेरताना मूठभर जास्ती पडतं, त्ये त्यांचंच असतंय." आजीला अक्षरओळख नव्हती. ती हे पुण्यकर्म म्हणून सांगत होती, असेही मला वाटत नाही. दाण्याचा हिशेब सांगावा तशा सुरात ती बोलली. मी पुढे मास्तरीण झाले, चार कादंबऱ्या लिहिल्या, पण तिच्या त्या वाक्यातला हिशेब मला बरीच वर्षे कळला नव्हता.

पक्षिशास्त्र मी शिकलेली नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. बाकीचे जे काही आहे ते पुस्तके वाचून आणि शिवार हिंडून मिळवलेले. तेव्हा विद्वानांनी या लेखाकडे थोडे सांभाळून घेऊन पाहावे. शेतकरी आणि पाखरे यांचा जुना व्यवहार काय होता, तो केव्हा आणि कसा बिघडला, एवढेच मला सांगायचे आहे.

हा व्यवहार किती जुना आहे ते पाहण्यासाठी फार दूर जायला नको. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती' महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्याच भाषेत. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली ती मराठी वाचकांपुढे ठेवली. त्या गाथांत राजवाडे कमी आणि शेते फार. भाताची राखण करणाऱ्या मुली आहेत, आभाळातून उतरणारे पोपटांचे थवे आहेत, आणि भात पिकत आले म्हणून रडणारी एक मुलगीही आहे. का, तर कापणी झाली की राखणीचे निमित्त संपले आणि त्याबरोबर भेटीची जागाही गेली! जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची ती मुलगी आणि माळ्यावर डबा बडवणारी मी, आमचा धंदा एकच होता. (भेटीगाठींचे तेवढे माझ्या वाट्याला आले नाही.)

दुसरी साक्ष आमच्या खोऱ्यापासून फार लांबची नाही. मुळेचे खोरे सोडून उत्तरेला निघाले की पवनेचे खोरे लागते, आणि ते ओलांडले की इंद्रायणीकाठी देहू. तुकाराम महाराजांची कथा वारकऱ्यांच्या घरी लहान मुलालाही ठाऊक असते. एका शेतकऱ्याने त्यांना धान्याच्या बोलीवर शेत राखायला बसवले. महाराज माळ्यावर बसले आणि नामस्मरणात दंग झाले. पाखरे आली, त्यांनी खाल्ले, पाणी प्याली आणि गेली. महाराजांनी एकालाही उडवले नाही. धनी परत आला तो संतापला आणि त्याने पंचांपुढे फिर्याद नेली. पण पीक निघाले तेव्हा नेहमीपेक्षा कितीतरी अधिक भरले.

भाविक याला चमत्कार म्हणतात, आणि त्यांच्या श्रद्धेला मी हात लावणार नाही. मात्र शेतकऱ्याची मुलगी म्हणून या कथेत मला आणखी एक गोष्ट दिसते. त्या धन्याने रिकाम्या झालेल्या लोंब्या तेवढ्या मोजल्या होत्या, भरलेल्या मोजल्याच नव्हत्या. पंचांपुढे गेला तो अर्धाच हिशेब.

पुरा हिशेब मांडायचा तर भाताचे सगळे वर्ष डोळ्यांपुढे आणावे लागते. वैशाखात आम्ही राब भाजतो. पालापाचोळा आणि शेण पसरून जाळायचे आणि त्या जागी दाढ टाकायची. मृगाचा पाऊस पडला की रोपे वर येतात. आषाढात चिखलणी. नांगराच्या मागे गायबगळे पायांत पाय घालून चालत असतात, कारण मातीबरोबर उलथून वर येणाऱ्या अळ्या आणि किडे त्यांना आयते मिळतात. बांधावर वंचक बसतो. हा मातकट रंगाचा पक्षी बसला की ढेकूळ वाटतो आणि उडाला की पांढराशुभ्र होतो. गावातली मुले त्याला फसव्या म्हणतात. तो बेडूक खातो, मासा खातो आणि बांध पोखरणारे लहान खेकडेही खातो. आवणी झाली की कोतवाल दिवसभर नाकतोडे आणि पतंग टिपतो. शिंदीच्या झाडांना सुगरणींची घरटी लोंबू लागतात. घरात आढ्याला आणि फोटोंच्या मागे चिमण्यांची पिले चिवचिवतात.

आता मर्म असे आहे की सुगरण आणि चिमणी हे दाणे खाणारे पक्षी खरे, पण त्यांची पिले दाण्यांवर वाढत नाहीत. त्यांना मऊ किडे आणि अळ्या लागतात. जी चिमणी अश्विनात तुमच्या लोंबीवर बसते, तिनेच आषाढ-श्रावणात त्याच पिकावरच्या अळ्या वेचून चोचीने पिलांना भरवलेल्या असतात. कापणीनंतर उंदरांचा सुळसुळाट होतो, तेव्हा रात्री पिंगळा आणि गव्हाणी घुबड कामाला लागतात. थंडीत दूर उत्तरेकडून धोबी पक्षी येतात आणि वाल-हरभऱ्याच्या वाफ्यांत शेपट्या हलवीत फिरतात. म्हणजे पाखरांचा हिशेब बारा महिन्यांचा असतो. आपण त्यातला अश्विन महिना तेवढा काढतो आणि पाखरांना चोर ठरवतो.

जुने शेतकरी देवमाणसे होती, असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. पोरे घरटी मोडत असत, लावे आणि तितर फासात पडत असत, आणि राबासाठी झाडांच्या फांद्या इतक्या छाटल्या जात की आमच्या काही टेकड्यांवर आजही सरळ वाढलेले झाड दिसत नाही. तरीसुद्धा त्या शेतीच्या रीतीतच पाखरांना जागा होती. बांधावर ऐन आणि आंबा असे, खाचरात पाणी, खळ्यावर सांडलेले दाणे, आणि गावाच्या कडेला देवराई. मुळशी-मावळात अशा राया पुष्कळ, वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा शास्त्रज्ञांचेही लक्ष तिकडे गेले. देवाच्या भीतीने राखलेली झाडे घुबडांच्या आणि धनेशांच्या उपयोगी पडत होती.

अर्धा हिशेब मांडण्याची तऱ्हा मुळशीला आधीपासून माहीत आहे. नीला आणि मुळा यांच्या संगमापाशी धरण बांधून ते पाणी घाटाखाली भिऱ्याला सोडायचे आणि मुंबईसाठी वीज काढायची, अशी टाटांच्या कंपनीची योजना होती. त्यात ५२ गावे जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट या लढ्यातूनच सेनापती झाले. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबरीने होते. लढा १९२४ पर्यंत रेंगाळला आणि शेवटी धरण झाले. कागदावर मालकी असलेल्या पुण्यातल्या पुष्कळ सावकारांना जमिनीपेक्षा नुकसानभरपाईची रक्कम बरी वाटली, हेही इतिहासात नमूद आहे. भरपाईचा हिशेब झाला तो जमिनीच्या किमतीचा. कसणाऱ्याच्या पोटाला आणि खोऱ्यातल्या भाताच्या वाणांना त्यात रकाना नव्हता. पाखरांचे तर नावच नको. धरण नको होते, असे मी आज विजेच्या दिव्याखाली बसून लिहिले तर ते शोभणार नाही. पण कुठल्या वहीत कुठला रकाना असावा हे ठरवणारा माणूस खोऱ्याबाहेरचा होता, ही गोष्ट विसरूनही चालणार नाही.

त्याच काळात काही माणसे दुसऱ्या तऱ्हेचा हिशेब मांडत होती. बिहारमधल्या पुसा येथे सरकारी शेतकी संशोधन संस्था होती. तिथे मेसन आणि मॅक्सवेल-लेफ्रॉय या दोघा साहेबांनी पक्ष्यांच्या पोटात काय सापडते ते तपासले आणि १९१२ साली हिंदुस्थानातल्या पक्ष्यांच्या अन्नावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. कोणता पक्षी शेतीला तारक आणि कोणता मारक, हे त्यांनी अंदाजावर सोडले नाही, प्रत्यक्ष पोट पाहून लिहिले. पुढे १९३० साली सलीम अली अलिबागजवळ किहीमला राहत होते. हाताला नोकरी नव्हती, पण घराजवळ सुगरणींची वसाहत होती. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तर राहते, आणि नर दुसरे घरटे विणायला घेतो, ही सगळी गंमत त्यांनी दिवसेंदिवस बसून टिपली. कोकणच्या किनाऱ्यावरच्या त्या निरीक्षणांनी त्यांचे नाव झाले. माळ्यावर बसून आम्हीही सुगरणी पाहिल्या होत्या. पण आम्ही हातात गोफण घेऊन पाहिल्या आणि त्यांनी वही घेऊन, एवढाच फरक.

अर्ध्या हिशेबाची किंमत एका मोठ्या राष्ट्राने मोजली, तीही सांगितली पाहिजे. १९५८ साली चीनमध्ये माओ यांच्या राजवटीने चार उपद्रवांविरुद्ध मोहीम काढली: उंदीर, माश्या, डास आणि चिमण्या. एक चिमणी वर्षाला अमुक इतके धान्य खाते, तेव्हा इतक्या चिमण्या मारल्या की इतक्या माणसांचे धान्य वाचते, असे ते साधे त्रैराशिक होते. माझ्या वर्गातला मुलगाही ते सोडवील. लोक थाळ्या आणि ढोल बडवत रस्त्यावर आले; चिमण्यांना कुठे टेकू द्यायचे नाही, दमून खाली पडेपर्यंत उडवत ठेवायचे. लक्षावधी चिमण्या मेल्या. मागोमाग टोळ आणि किडी वाढल्या, कारण त्यांना खाणारेच उरले नव्हते. चिमणीच्या पोटात दाण्यांपेक्षा किडे अधिक असतात, हे तिथल्या पक्षिशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, आणि १९६० साली उपद्रवांच्या यादीतून चिमणी काढून ढेकूण घातला गेला. त्या वर्षांत चीनमध्ये जो भयंकर दुष्काळ पडला, त्याला कारणे पुष्कळ होती. त्यांतले एक कारण हे चुकलेले त्रैराशिकही होते.

आपण त्यांना हसू नये. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उपद्रवी प्राण्यांचे एक परिशिष्ट होते, आणि त्यात उंदरांच्या पंक्तीला साधा कावळा बसवला होता. पितृपक्षात ज्याची वाट पाहत हात जोडून उभे राहायचे, तोच कायद्याच्या लेखी उपद्रवी! २०२२ च्या दुरुस्तीने ती यादी गेली, हे बरे झाले.

हरितक्रांतीच्या वर्षांत देशाला धान्य हवे होते. १९६० च्या दशकात परदेशी गव्हाच्या बोटींकडे डोळे लावून बसलेला देश स्वतःच्या पायांवर उभा राहिला, हे उपकार कुणीही नाकारू नयेत. पण नव्या बियाण्याबरोबर खत आले आणि खताबरोबर औषध. औषध म्हणजे विष. परंतु आमच्याकडे अजूनही त्याला औषधच म्हणतात. हा शब्दच आमचा घात करून गेला.

आता माझ्या घरची गोष्ट सांगते. सांगायला जड जाते, पण ती लपवली तर हा सगळा लेख खोटा होईल.

१९९६ सालचा आषाढ. माझा मॅट्रिकचा निकाल नुकताच लागला होता आणि घरात शिकलेली अशी मी एकटीच. त्या वर्षी खेकड्यांनी उच्छाद मांडला होता. लावलेली रोपे रात्रीत कापली जात होती, आणि बांधाला भोके पडून एका खाचरातले पाणी दुसऱ्यात पळत होते. आबा बाजारात गेले आणि फोरेटच्या दाणेदार विषाची पिशवी घेऊन आले. दुकानदाराने कसे टाकायचे ते सांगितले होते, पण आबांच्या लक्षात राहिले नव्हते. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. "बाय, वाच काय लिवलंय त्ये."

पिशवीवर तांबडी खूण होती, कवटीचे चित्र होते आणि मुंगीच्या पायांएवढी बारीक अक्षरे होती. किती टाकायचे तेवढे मी शोधून काढले आणि मोठ्या ऐटीत वाचून दाखवले. बाकीचे वाचायला डोळे दुखत होते, आणि खरे सांगायचे तर धीरही नव्हता. संध्याकाळी आबांनी विष टाकले.

सकाळी आम्ही खाचरावर गेलो. खेकडे उताणे पडले होते. पाण्यावर बारके मासे तरंगत होते. ते पाहून आबा खूश झाले. मग मला बांधावर फसव्या दिसला. नेहमीसारखा मान आखडून बसला होता. मी अगदी जवळ गेले तरी तो उडाला नाही. मी हात लावला तेव्हा तो कलंडला, आणि त्याचे पांढरे पंख चिखलात उघडले. त्या दिवशी आम्ही वंचक आणि बगळे मिळून ११ पक्षी वेचले आणि ओढ्याच्या काठी खड्डा करून पुरले.

आजी दिवसभर काही बोलली नाही. संध्याकाळी तिने चुलीपुढे बसून एवढेच विचारले, "कुणी सांगितलं व्हतं ह्ये?"

आबा म्हणाले, "पोरीनं वाचून दावलं."

ते खरे होते, म्हणून मला त्याचे उत्तर देता आले नाही. आजही येत नाही. माझ्या शाळेतल्या मुलांना मी एक शिस्त लावली आहे: कुठलाही कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. मुलांना वाटते की बाई परीक्षेसाठी सांगतात.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या वर्षी आमचे भात चांगले आले. चांगले आले नसते तर पुढच्या वर्षी कुणीच विष आणले नसते आणि प्रश्न तिथेच मिटला असता. दुसऱ्या पावसाळ्यात ओढ्यातून खेकडे पुन्हा चढले, त्यांना खाणारा वंचक बांधावर नव्हता, आणि पिशवी मात्र एकाच्या दोन झाल्या. शिवाय पावसाळ्यात हेच खेकडे आम्ही रात्री बत्ती घेऊन पकडत असू आणि रस्सा करून खात असू. विषानंतर त्या रस्त्याला कुणी हात लावीना. आमच्या ताटातले कालवण आम्हीच मारले होते. ३१ डिसेंबर २०२० पासून देशात फोरेट वापरायला बंदी आली, तेव्हा ती बातमी मी दोनदा वाचली, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत.

सरकारच्या एका कागदाने काय होऊ शकते याचे मोठे उदाहरण गिधाडांचे आहे. गावातले मेलेले ढोर सह्याद्रीच्या कड्यांवरून उतरणारी गिधाडे काही तासांत साफ करीत. १९९० च्या दशकात ती देशभर भराभर नाहीशी होऊ लागली. कारण २००४ साली उजेडात आले: दुखणाऱ्या जनावरांना टोचले जाणारे डायक्लोफिनॅक. ते टोचलेले ढोर मेले आणि गिधाडाने खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, आणि तशाच आणखी दोन औषधांवर २०२३ मध्ये. गिधाडे अजून पूर्वीसारखी झालेली नाहीत. पण शेतकऱ्याला न दुखवता, एक औषध बदलून पाखरू वाचवता येते, हे त्यातून सिद्ध झाले. गुराला दुसरे औषध मिळाले आणि ते बरेही झाले.

आज पाखरांची गणती कशी आहे? २०२३ साली 'भारतातील पक्ष्यांची स्थिती' हा अहवाल निघाला. देशभरातल्या ३०,००० हून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून ९४२ जातींचा आढावा त्यात घेतलेला आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घकाळचा कल कळू शकला, त्यांतल्या ६० टक्के घटलेल्या निघाल्या, आणि माळरानात व उघड्या शिवारात राहणाऱ्यांची अवस्था विशेष वाईट आहे. युरोपातही तेच. तिथे १९८० ते २०१६ या काळात शेतातले पक्षी ५७ टक्क्यांनी कमी झाले, आणि खते व फवारणी वाढवून जमिनीतून अधिकाधिक काढून घेण्याची शेती हे मुख्य कारण, असा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. आमच्या तालुक्यात तर शेतच कमी होते आहे. पूर्वेला हिंजवडीत भाताच्या खाचरांवर संगणकाच्या कचेऱ्या उभ्या आहेत, आणि पश्चिमेला डोंगरउतारांवर बंगल्यांचे प्लॉट. मागच्या पिढीत पाखरे राखायला पोरे लागत. आज पोरे नोकरीला गेली आहेत आणि राखायला शेत उरेल की नाही ही काळजी आहे.

तरी सगळे संपले असे मी म्हणणार नाही, कारण जपानातल्या तोयोओका गावची हकीकत माझ्या वाचनात आली आहे. तिथेही आमच्यासारखीच भातखाचरे. त्यांत करकोचे फिरत असत. शिकार, झाडतोड आणि खाचरांतले विष यांनी करकोचे गेले. जपानातला शेवटचा रानातला करकोचा १९७१ साली तिथेच मेला. लोकांनी पिंजऱ्यात करकोचे वाढवायला घेतले आणि २००५ मध्ये पहिले पक्षी मोकळे सोडले. पण सोडून खातील काय? म्हणून शेतकऱ्यांनी शेतीची रीत बदलली. विष कमी केले किंवा बंद केले, थंडीतही खाचरात पाणी ठेवले, आणि बेडूकमाशांना पाय फुटेपर्यंत खाचरे कोरडी करायची नाहीत असे ठरवले. असा तांदूळ करकोच्याच्या नावाने जास्त भावाने विकला जातो आणि गावातल्या शाळकरी मुलांच्या जेवणात वाढला जातो. आज जपानात ३०० हून अधिक करकोचे मोकळे उडतात. तिथे पाखराचा वाटा शेतकऱ्याच्या गळ्यात न मारता भात खाणाऱ्याने उचलला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे गोंदियाच्या भातखाचरांत सारस घरटे करतो, आणि तिथल्या तरुणांनी शेतकऱ्यांना बरोबर घेऊन ती घरटी राखली आहेत. महाराष्ट्रात सारस उरले आहेत ते त्या पूर्व टोकाला, आणि तेही थोडेच.

मग आमच्या आंबेमोहराने काय पाप केले? ज्या सुवासिक तांदळासाठी शहरातली माणसे दुप्पट पैसे मोजतात, त्याच्या पिशवीवर 'या खाचरात वंचक बसतो' असे खरेपणाने लिहिता आले, तर चार पैसे शेतकऱ्यालाही मिळतील. सरकारने १९८५ पासून एकात्मिक कीडनियंत्रणाचे धोरण स्वीकारलेले आहे. शेतकी खात्याच्या पत्रकांत हेक्टरी २०-२५ पक्षीथांबे उभे करा असा सल्ला असतो. पक्षीथांबा म्हणजे आडवी काठी बांधलेला साधा बांबू. त्यावर कोतवाल बसतो आणि अळ्या टिपतो. २०१५ पासून सेंद्रिय शेतीच्या गटांना मदत करणारी केंद्राची योजनाही आहे. कागद आहेत, पण कागदावरून शिवारात उतरायला माणूस लागतो, आणि पहिली दोन वर्षे उत्पन्न घटले तर त्या शेतकऱ्याच्या पाठीशी उभे राहणारे कुणी लागते. एकट्याने विष सोडून भागत नाही. शेजारच्या खाचरातले पाणी आपल्याच खाचरात येते.

माझ्या वाट्याला आलेल्या दोन खाचरांत मी २०२१ पासून विष टाकलेले नाही. त्याआधी का थांबले नाही, असे कुणी विचारले तर सांगते: आबा होते तोवर शेत त्यांचे होते, आणि त्यांना हाताने खेकडे पकडायला सांगण्याची माझी छाती झाली नाही. आता आवणीनंतरच्या रात्री गावातली पोरे बत्त्या घेऊन खेकडे पकडतात आणि त्यांच्या घरी रस्सा होतो. पहिल्या वर्षी माझे भात शेजाऱ्यापेक्षा कमी उतरले. दुसऱ्या वर्षीही थोडे कमीच. गेल्या वर्षी बरोबरीला आले. याला मी चमत्कार म्हणत नाही. पाऊसही त्या वर्षी वेळेवर होता. परंतु गेल्या आषाढात बांधावर दोन ढेकळे दिसली, मी जवळ गेले, आणि दोन्ही ढेकळे पांढरी होऊन उडाली.

नवे भात आले की आमच्याकडे लोंब्यांचा झुबका दाराला बांधतात. आजी असताना तो पुढच्या वर्षीपर्यंत टिकत नसे. चिमण्या येऊन आठ-पंधरा दिवसांत नुसत्या काड्या ठेवीत, आणि आजी कुणाला त्यांना हाकलू देत नसे. नंतर बरीच वर्षे तो झुबका दारावर जसाच्या तसा राही, त्यावर धूळ बसे, आणि पाहुणे म्हणत की सजावट छान आहे. यंदा हा लेख लिहिता लिहिता मी बाहेर जाऊन पाहिले. झुबक्याच्या खालच्या बाजूच्या तीन लोंब्या रिकाम्या आहेत. उंबऱ्यावर टरफले पडली आहेत. सकाळी रांगोळी काढायची आहे, तेव्हा ती झाडावी लागतील. पण आज रात्रीपुरती तशीच राहू देते.